पाणी कुठवर आलं होतं?

बदलापुरात घर बघायला आलेला माणूस कार्पेट एरिया, पार्किंग, स्टेशनपासूनचं अंतर असं सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली आणतो आणि विचारतो, "इथे पाणी कुठवर आलं होतं?" कुठलं पाणी, कधीचं पाणी, हे सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५. एजंटचं उत्तर ठरलेलं असतं, "आपल्या साइडला नाही आलं, साहेब." तोच प्रश्न समोरच्या किराणावाल्याला विचारला तर तो काही न बोलता हात काउंटरच्या वर नेतो आणि हवेतच एक रेघ ओढतो.

हा प्रश्न घराच्या किमतीचा आहे, कर्जाचा आहे आणि तळमजल्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जिवाचाही आहे. पण मुळात तो इतिहासाचा प्रश्न आहे. अमुक दिवशी अमुक ठिकाणी काय घडलं, आणि पुरावा काय? गेल्या दहाएक वर्षांत याचं उत्तर देणारा एक नवा साक्षीदार आला आहे. उपग्रहाने काढलेलं चित्र, आणि त्या चित्रावर प्रक्रिया करून "इथे पाणी, इथे कोरडं" असं सांगणारी तयार टूल्स. इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला लॅपटॉपवर उल्हास खोऱ्याचा असाच एक नकाशा दाखवला. राखाडी जमिनीवर निळे डाग. "सर, दहा मिनिटांत काढला. स्क्रिप्ट तयारच असते, फक्त तारीख आणि जागा बदलायची."

दहा मिनिटांचं हे काम पूर्वी किती लोकांचं आणि किती दिवसांचं होतं, ते बघण्यासारखं आहे. आणि तो निळा डाग म्हणजे नक्की काय, तेही.

आधी शब्दाकडे बघू, कारण ती माझी सवय आहे. वर्गात मी एका तासाला उर्दू शिकवतो, पुढच्या तासाला मराठी. उर्दूतला नक़्शा आणि मराठीतला नकाशा एकच. मूळ अरबी नक़्श, म्हणजे कोरणं, उमटवणं. आपली नक्षी त्याच घरातली. जमीन मोजण्याच्या मराठीत फारसीचा मुक्काम फार जुना आहे. पैमाश, जरीब, जमाबंदी, हे शब्द दोन्ही भाषांनी वापरले. मोजणी म्हणजे सारा, आणि सारा म्हणजे राज्य, हे मलिक अंबरापासून पेशव्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रजांनी ते काम पद्धतशीर केलं. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणी पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे पोचली. साखळी घेऊन माणसं शेतातून चालली, प्रत्येक शेताला नंबर मिळाला, जमिनीची प्रत ठरली. आज सातबाऱ्यावर आपण जो सर्व्हे नंबर बघतो तो त्या साखळीचा नातू आहे. या नकाशांत नदी आहे, पण तिचा पूर कुठवर जातो ते नाही. पुराचं पाणी मोजून सरकारला सारा मिळणार नव्हता.

प्रतिमा घेऊन त्यावरून नोंद करायची, ही दुसरी परंपरा. तिचा एक जुना नमुना तर आमच्या अंबरनाथलाच आहे. वालधुनीच्या काठावरचं शिलाहारकालीन शिवमंदिर, शिलालेखात शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. १८६८ च्या सुमारास सरकारी खर्चाने या देवळाची रेखाटनं झाली, फोटो काढले गेले आणि कोरीवकामाचे साचे घेण्यात आले. मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे. चे, विद्यार्थी या कामावर होते. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिपाई, काचेच्या प्लेटा, रसायनं आणि अंधाराची सोय, हे सगळं खांद्यावरून न्यायचं. तयार असं काहीच नव्हतं. फोटो काढणाऱ्यालाच रसायन बनवावं लागे, आणि आपण कशाचा फोटो काढतोय हे त्याला पुरतं माहीत असे, कारण तो त्या दगडासमोर तासन्‌तास उभा असे. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यायचं आहे.

आता आकाशात जाऊ. भारतात दूरसंवेदनाची सुरुवात नारळाच्या झाडांपासून झाली. १९७० मध्ये केरळात नारळाला मुळांचा रोग लागला होता. पी. आर. पिशारोटी यांच्या गटाने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले. रोगट झाडं डोळ्यांना हिरवीच दिसत, पण त्या फिल्मवर त्यांचा रंग वेगळा उमटला. पिशारोटी महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. पुढे दोनच वर्षांनी, २३ जुलै १९७२ ला, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण ८० मीटरचा होता, आणि तोच प्रदेश पुन्हा दिसायला १८ दिवस लागत. १९७९ पासून हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात हे चित्र थेट भारतात उतरू लागलं. त्याच वर्षी आपला भास्कर उपग्रह गेला. मग १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून आयआरएस-१ए. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने नागपूरला आपलं दूरसंवेदन केंद्र काढलं. पवईला आयआयटीत या विषयाचं केंद्र त्याआधीच, १९७६ मध्ये, सुरू झालं होतं.

"चित्र उतरलं" हे म्हणायला सोपं आहे. उतरत होते ते आकडे. माझ्यासारख्या मास्तराला हे समजायला सोपं जातं, कारण आमचं आयुष्य गुणपत्रकात जातं. उपग्रहचित्र हे एक प्रचंड गुणपत्रक असतं. आडव्या ओळी, उभे रकाने आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा, म्हणजे त्या तुकड्यावरून किती प्रकाश परत आला त्याचे गुण. हिरव्या प्रकाशाचं वेगळं पत्रक, लाल प्रकाशाचं वेगळं, अवरक्ताचं वेगळं. एकेका चित्रात असे लाखो चौकोन. सुरुवातीला हे आकडे चुंबकीय फितींवर यायचे आणि ते वाचणारा संगणक देशात मोजक्याच ठिकाणी होता. त्यामुळे बहुतेक काम डोळ्यांनी चाले. चित्राची मोठी रंगीत छपाई काढायची, खालून प्रकाश सोडलेल्या टेबलावर ती ठेवायची, वर ट्रेसिंग कागद लावायचा आणि पेन्सिलीने सीमा ओढायच्या. या छपाईत झाडी लाल दिसायची. नवशिक्याचा पहिला महिना लाल म्हणजे हिरवं हे पाठ करण्यातच जात असणार.

मग संगणक टेबलावर आले आणि तयार अवजारं आली. अर्डाससारखी अमेरिकन पॅकेजं विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी घेतली. किंमत साध्या कॉलेजच्या आवाक्याबाहेर, वर चोरी होऊ नये म्हणून संगणकाच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक. ते लॉक साहेबांच्या कपाटात, आणि साहेब रजेवर. याला उत्तर म्हणून आयआयटी मुंबईत प्रा. पी. वेंकटाचलम आणि सहकाऱ्यांनी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने देशी, स्वस्त पॅकेज तयार केलं. त्याचं नाव ग्राम, पुढे ग्राम प्लस प्लस. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव, पण कानाला आपलं वाटतं. नकाशे आणि उपग्रहचित्रं दोन्ही हाताळणारं हे काम मराठी वर्तमानपत्रांतून जितकं यायला हवं होतं तितकं आलं नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे रॉकेट उडालं की पहिलं पान मिळतं. त्याने पाठवलेले आकडे वाचणाऱ्याला आतलंही मिळत नाही.

खरी कलाटणी दोन गोष्टींनी मिळाली. एक म्हणजे फुकट सॉफ्टवेअर. ग्रास नावाचं पॅकेज १९८२ पासून अमेरिकन लष्कराच्या इलिनॉयमधल्या एका प्रयोगशाळेत घडत होतं. उद्देश काय, तर लष्करी छावण्यांच्या जमिनीची देखभाल. ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं गेलं. उल्हासनगरच्या माणसाला यात गंमत वाटावी. हे शहर स्वतःच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींवर वसलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले, १९४९ मध्ये नाव बदललं, तरी आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर एक ते पाच असंच म्हणतो. २००२ मध्ये गॅरी शेर्मन यांनी क्यूजीआयएस सुरू केलं, आणि आज जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या संगणकावरही ते चालू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे फुकट चित्रं. २००८ पर्यंत लँडसॅट-७ च्या एका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडत. त्या वर्षी अमेरिकेने ठरवलं की जुनी-नवी सगळी चित्रं मोफत. २००९ मध्ये इस्रोचं भुवन आलं. २०१० मध्ये गुगलने अर्थ इंजिन जाहीर केलं, ज्यात चित्र उतरवून घ्यायचीही गरज नाही. हिशेब त्यांच्याच संगणकांवर होतो. आणि एप्रिल २०१४ मध्ये युरोपने सेंटिनेल-१ए सोडला.

पुराच्या दृष्टीने हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. बाकीच्या उपग्रहांना दिसण्यासाठी ऊन लागतं आणि मोकळं आभाळ लागतं. कोकणात जुलैत मोकळं आभाळ मागणं म्हणजे चातुर्मासात लग्नाचा हॉल मागण्यासारखं नाही, कारण हॉल तरी मिळतो. सेंटिनेल-१ रडारवर चालतो. स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग, पाऊस, रात्र, कशाचीच अडचण नाही. शांत पाणी आरशासारखं सपाट असतं, त्यावर पडलेली लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे काहीच परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. खडबडीत जमीन आणि झाडं थोडं परत पाठवतात, ती राखाडी दिसतात.

आता टूलचं काम काय? पुन्हा गुणपत्रक घ्या. कुठल्या आकड्याखाली "पाणी" म्हणायचं, ती पास-नापासाची रेघ ठरवायची. ३५ ला पास, ३४ ला नापास. ही रेघ माणसाने हाताने ओढायची की आकड्यांनीच ठरवायची? १९७९ मध्ये नोबुयुकी ओत्सू या जपानी संशोधकाने एक पद्धत मांडली. सगळ्या वर्गाचे गुण मांडून बघायचे, दोन घोळके दिसत असतील तर त्यांना सर्वांत स्वच्छ वेगळं करणारी रेघ गणिताने शोधायची. आजही बहुतेक प्रत्येक इमेज प्रोसेसिंग टूलमध्ये ओत्सू नावाचं बटण सापडतं. एका माणसाचं बटण झालं, हे थोर आहे.

माझ्या विद्यार्थ्याने वापरलेली स्क्रिप्ट संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-स्पायडर या उपक्रमाने जगभरच्या लोकांसाठी मोफत ठेवलेल्या कृतीवर बेतलेली होती. कृती म्हणजे अक्षरशः पाककृती. पुराआधीचं रडार चित्र घ्या, पुरानंतरचं घ्या, दाणेदारपणा कमी करा. एकाला दुसऱ्याने भागा, जिथे उत्तर १.२५ पेक्षा जास्त तो ठिपका पूर. मग साफसफाई. वर्षातले १० महिने किंवा जास्त जिथे पाणी असतंच ते वगळा, ती नदी किंवा तलाव. जिथे उतार ५ टक्क्यांहून जास्त ते वगळा, उतारावर पाणी थांबत नाही. आणि जे ठिपके ८ किंवा त्याहून कमीच्या गटात एकटे पडलेत ते काढून टाका, तो बहुधा गोंगाट. ही कृती लिहिणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. १.२५ हा आकडा जागेप्रमाणे बदलून पाहा, असं ते स्वतःच सांगतात. पण तयार मसाल्याच्या पाकिटावरच्या सूचना कोण वाचतं?

ही कृती उल्हास नदीच्या खोऱ्यात आणली की काय होतं ते आता बघू. हे मी त्या लॅपटॉपवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सगळ्यात मोठे, सगळ्यात निळे डाग होते वांगणीकडच्या आणि नदीपलीकडच्या गावांच्या भातशेतात. जुलै म्हणजे लावणी. शेतकरी मुद्दाम बांध घालून खाचरात पाणी कोंडतो, चिखलणी करतो, रोप लावतो. "आधीचं" चित्र मे महिन्याचं, कोरडी ढेकळं. "नंतरचं" चित्र जुलैचं, आरशासारखं पाणी. १.२५ ची परीक्षा ही शेतं पहिल्या श्रेणीत पास होतात. टूल म्हणतं, पूर. शेतकरी म्हणतो, अल्लाची मेहेरबानी, यंदा लावणी वेळेवर झाली.

आणि नदीकाठच्या ज्या वसाहतींत खरंच पाणी शिरतं, तिथे नकाशा कोरडा. कारण इमारतींमध्ये साचलेल्या पाण्यावर पडलेली रडारची लहर पाण्यावरून उसळून शेजारच्या भिंतीवर आदळते आणि भिंतीवरून सरळ उपग्रहाकडे परत जाते. म्हणजे शहरातलं पुराचं पाणी काळं होण्याऐवजी उलट अधिक उजळ दिसू शकतं. काळं म्हणजे पाणी असं शिकवलेलं टूल तिथे "सगळं ठीक" असा शेरा मारतं. त्यातून एखाद्या गल्लीत काळे ठिपके मिळालेच, तर ते ८ च्या आत असतात आणि गोंगाट म्हणून पुसले जातात. १० मीटरचा ठिपका धरला तर ८ ठिपके म्हणजे ८०० चौरस मीटर. आमच्याकडे एवढ्या जागेत एक अख्खी चाळ बसते.

थोडक्यात, जिथे पाणी हवंच असतं तिथे पूर, आणि जिथे लोक माळ्यावर चढून बसतात तिथे कोरडं.

यात यंत्राला शिव्या घालण्यासारखं काही नाही. ही कृती मुळात मोठ्या सपाट नद्यांसाठी उत्तम आहे. ब्रह्मपुत्रेचं किंवा गंगेचं पाणी आठवडाभर मैलोन्‌मैल पसरून राहतं, तिथे ती माणसं वाचवते. उल्हास नदी वेगळ्या स्वभावाची आहे. राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरात उगम, सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस कर्जत, नेरळ, वांगणी करत काही तासांत बदलापूरला. पुढे शहाड, कल्याण, खाडी. संध्याकाळी चढलेलं पाणी अनेकदा दुसऱ्या दिवशी उतरलेलं असतं, मागे गाळ ठेवून. आणि सेंटिनेल-१ आपल्या डोक्यावरून साधारण १२ दिवसांनी जातो. पूर आणि उपग्रह यांची गाठ पडणं हा नशिबाचा भाग. वालधुनीचं तर विचारूच नका. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, वालधुनी बऱ्याच ठिकाणी त्याच्या आतच मावते आणि हरवते. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मधून वाहणारी नदी अंतराळातून दिसत नाही म्हणून मी मुलांना सांगतो, तेव्हा एखादा हमखास म्हणतो, "सर, वास जात असेल वर."

तयार टूल दुरुस्त होत नाही असंही नाही. ऊन्हाच्या चित्रात पाणी ओळखण्याचं एक सूत्र मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये दिलं. हिरव्या प्रकाशाचे गुण आणि अवरक्ताचे गुण यांची वजाबाकी भागिले बेरीज. तलावांवर ते छान चालतं. पण दाट वस्तीत ते फसतं. छपरं, सिमेंट यांनाही पाण्याइतके गुण पडतात. उल्हासनगरसारख्या, पत्र्याला पत्रा आणि स्लॅबला स्लॅब लागलेल्या शहरात त्या सूत्राने नको तिथे तळी उगवतात. २००६ मध्ये हानचिउ शू या चिनी संशोधकाने सूत्रातला एक प्रकाशपट्टा बदलला आणि वस्तीचा हा घोळ बराच कमी झाला. त्या दुरुस्तीच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. कुणीतरी चित्र आणि खरी जागा शेजारी ठेवून बघितली होती. १८६८ च्या फोटोवाल्याला ही सोय फुकट होती, कारण तो दगडासमोरच उभा होता. आजचा नकाशा काढणारा कुठेही बसलेला असू शकतो, म्हणून त्याला जमिनीवरचा पुरावा कुणीतरी पाठवावा लागतो.

तर मग आपल्याकडे जमिनीवरचा पुरावा काय आहे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो मुंबईचा. त्या दिवशी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणमधल्या कुठल्या गल्लीत किती पाणी होतं, याची नोंद मुख्यतः माणसांच्या अंगावर आहे. २०१९ मध्ये २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी, बोटी, हेलिकॉप्टर. त्या दिवसाची वरून काढलेली दृश्यं देशाने पाहिली, कारण तिथे रेल्वे होती आणि कॅमेरे पोचले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा नदी वर आली. दर वेळी बातमी एकच, "उल्हास नदीने धोक्याची पातळी ओलांडली." बदलापूरला ही पातळी १७.५० मीटर, इशाऱ्याची १६.५०. मोबाइलवर हे आकडे फिरतात. पण १७.५० म्हणजे माझ्या दारातली कितवी पायरी, हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं. सरकारी नकाशात निळी रेषा आहे, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांवरून इथे वाद, अर्ज, बांधकामाचे खटके चालूच असतात, आणि प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा नकाशा घेऊन येते. दहा मिनिटांत निघालेला, भाताच्या शेताला पूर आणि पुराला कोरडं म्हणणारा नकाशाही उद्या अशाच एखाद्या फाइलीत रंगीत छापून लागू शकतो. माझी काळजी ती आहे. रंगीत नकाशासमोर तळमजल्यावरच्या खालांचं म्हणणं कोण ऐकणार? त्यांच्याकडे फक्त हात वर करून दाखवायची उंची आहे.

म्हणून दोन वर्षांपासून मी वर्गात एक गृहपाठ देतो. बोलीभाषेचा तास म्हणून सुरू केला होता. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणा. मराठी घरांतून घोटा, पोटरी, गुडघा, कंबर, छाती आलं. उर्दू घरांतून टख़ना, पिंडली, घुटना, कमर, सीना. एका मुलीने लिहिलं, "दादी कहती हैं, क़ुरआन शरीफ़ के ताक़ से एक बालिश्त नीचे." एकाच्या आजोबांनी सांगितलं, गणपतीच्या फोटोच्या खालच्या चौकटीला लागलं होतं. सिंधी शेजाऱ्यांकडून आलेलं उत्तर शिलाई मशिनच्या टेबलात होतं. पहिल्या वर्षी मी हे शब्द फळ्यावर मांडून थांबलो. दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी मोजपट्टी आणली. ताक अजून तिथेच आहे, चौकटीचा खिळा तिथेच आहे, मशिनचं टेबल सगळीकडे सारखंच. मुलांनी जमिनीपासून सेंटिमीटर मोजून आणले. मोबाइलमधून अक्षांश-रेखांश घेतले. एकूण ४१ घरं झाली. माजी विद्यार्थ्याने ते ठिपके क्यूजीआयएसमध्ये टाकले, त्याच्या निळ्या डागांच्या नकाशावर. आमचे बहुतेक ठिपके राखाडी भागात पडले.

त्याला ते पटलं. त्याने आता शेतं वगळण्यासाठी लावणीआधीच्या आणि नंतरच्या चित्रांची सगळी मालिका घेतली आहे, आणि वस्तीत काळ्याऐवजी उजळलेले ठिपके शोधणारा वेगळा भाग लिहितोय. ते चालतंय की नाही, हे तो आमच्या ४१ घरांवर तपासतो.

अडचण एकच आहे, भिंती रंगवल्या जात आहेत. २००५ ची ओल केव्हाच गेली, रेघाही गेल्या, जुनी घरं रीडेव्हलपमेंटला जात आहेत आणि ताक, खिळे त्यांच्याबरोबर. मात्र मुलांनी फिरता फिरता एक खूण शोधून काढली, जी माझ्या लक्षात आली नव्हती. नदीकडच्या जुन्या बिल्डिंगांत विजेचे मीटर डोक्याच्याही वर, स्टूल घेतल्याशिवाय वाचता येणार नाहीत इतक्या उंचीवर आहेत. पूर ओसरल्यावर लोकांनी ते पाण्याच्या रेघेच्या वर हलवून घेतले होते. एका जिन्याखाली तर जुन्या मीटरच्या लाकडी फळीची चार भोकं खाली तशीच आहेत आणि नवी फळी सव्वा हात वर. यंदाच्या वहीत नवा रकाना केला आहे: मीटरची उंची, जुनी आणि नवी.